गाऱ्हाणं न घालणारा घाडी

आमच्या लवूदादाला लालबागमध्ये कुणी मालकाचा कुत्रा म्हणालं, कुणी बाटगा म्हणालं, कुणी नुसतं थुंकलं. एकाच आठवड्यात ही सगळी पूजा एकाच माणसाची व्हायची, म्हणजे त्याच्यात काहीतरी विशेष असणार असं बाहेरच्याला वाटेल. विशेष काही नव्हतं. मिलच्या लूमखात्यातला विणकर, अंगाने काटकुळा, बोलायला कमी आणि हट्टाला मात्र खेचराच्या वरताण. मी त्याची पाठची बहीण, बकुळा. खानावळ चालवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे माणूस पानावर बसला की मला कळतो. दादा पानात वाढलेलं सगळं खायचा, कशाला नको म्हणायचा नाही. त्याचं सगळं 'नाही' त्याने दुसरीकडे खर्च केलं.

आम्ही घाडी. कुडाळच्या बाजूला आमचं गाव, आणि गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं काम आमच्या घराण्याकडे. लग्न असो, पेरणी असो, कुणाची म्हैस हरवलेली असो, गाव देवळासमोर जमतं, नारळ ठेवतात, आणि घाडी उभा राहून देवाला सगळं सांगतो. काय चुकलं, काय हवं, कुणाचं भलं कर, कुणाला धडा शिकव. प्रत्येक वाक्यामागे सगळे एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" हा होकार मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही, आणि ज्याने होकार दिला तो त्या शब्दाला बांधला गेला. बांधलेलं सोडवायचं तर त्याच घरातल्या घाड्याने. बापामागे हा अधिकार थोरल्या मुलाचा. धाकट्याला नाही, आणि मुलीला तर नाहीच नाही. मुलीने ते शब्द तोंडावरसुद्धा आणू नयेत म्हणतात. मी दाराआडून सगळे पाठ केले होते.

बाबा, म्हणजे विठोबा घाडी, गावी राहायचे, म्हणून मुंबईतला घाडी आमचा दादाच. चाळ सगळी आमच्याच बाजूची. गणपती आले, कुणाची नोकरी पक्की झाली, की दादाला बोलावणं यायचं. एरवी चार शब्दांवर पाचवा न बोलणारा माणूस नारळापुढे उभा राहिला की असा काही सुटायचा, की खालच्या इराण्याकडे चहा पिणारे परकेसुद्धा कप ठेवून ऐकायचे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

मग त्याच्या शेजारच्या लूमवर याकोब साळवे आला. नगरकडचा ख्रिस्ती विणकर. लूमखात्यात गडगडाट इतका, की तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलतात. ह्या दोघांनी ओठ बघता बघता येशू गाठला. परळला एका खोलीत याकोबची माणसं रविवारी जमायची. ना घंटा, ना मूर्ती, ना पाद्री. शास्त्र वाचायचं आणि गप्प बसून प्रार्थना करायची. ही माणसं कुणाला मत देत नाहीत, कुठल्या झेंड्याखाली उभी राहत नाहीत, कुणाचाच जय म्हणत नाहीत. शपथ तर घेतच नाहीत. येशूने सांगितलंय म्हणे, हो असेल ते हो म्हणा, नाही असेल ते नाही म्हणा, त्याच्या पुढचं सगळं सैतानाचं.

"राज्य एकच, ते वरचं," दादा मला समजावायचा. "खालच्या राज्यांच्या भांडणात आपण पडायचं नाही."

"मग खोलीचं भाडं वरच भरतोस काय?" मी विचारायची. तो हसायचा. हसणं सोडलं नव्हतं त्याने तेव्हा.

दादरच्या समुद्रात त्याने बाप्तिस्मा घेतला आणि त्या वर्षी गणपतीत गाऱ्हाणं घालायला नकार दिला. चाळ हादरली. मालनवैनी, त्याची बायको, देव्हारा हलवायला तयार नव्हती, आणि त्याने कधी हलव म्हटलंही नाही. एकाच खोलीत तिचे देव आणि त्याचं शास्त्र सुखाने राहिले. भांडलो ते आम्ही बाहेरचे. बाबांना गावी कळलं तेव्हा ते म्हणाले, "जीभ माझी, दिलंय तुका, आता ती ख्रिस्तावाच्या दावणीक बांधलंस." पण तोवर हे घरातलं भांडण होतं.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला. भोंगे बंद पडले. दादा कामावर गेला नाही, पण मोर्चालाही गेला नाही. सभा असली की खोलीत बसून वाचायचा. आमचा धाकटा भाऊ जगदीश त्याच्या अगदी उलटा. सूतखात्यात होता, चाळीच्या संप कमिटीत पुढे, घोषणा देऊन देऊन घसा बसलेला. दोघांत मी, आणि माझ्या खानावळीत दोघांची पानं. सुरुवातीला वाटलं, एकदोन महिन्यांत मिटेल. मिटेना. कुठे कुठे माणसं फुटल्याच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा कमिटीचा म्होरक्या रामजी जगदीशला घेऊन माझ्या खानावळीत आला. दादा जेवत होता.

"लवू, फाटकासमोर गाऱ्हाणा घालूचा आसा," रामजी म्हणाला. "पोलिसांक कोण भिणा नाय, पण घाड्याच्या शब्दाक सगळे भितत. एकदा व्हय म्हाराजा झाला की कोण फुटाचो नाय."

"माझ्यान होवचा नाय, रामजीनू."

"म्हणजे तू मालकाच्या बाजूक?"

"नाय."

"मगे आमच्या?"

"नाय. मी कोणाच्याच बाजूक नाय."

रामजी ताडकन उठला. "माणसा उपाशी मरतत आणि ह्यो म्हणता कोणाच्याच बाजूक नाय! ह्या पानार कसो बसतंस रे?"

जगदीशने मात्र दादाचे पाय धरले. सगळ्यांदेखत. "दादा, मी हात जोडतंय. माझी कमिटीत इज्जत रवाची नाय." दादाने त्याला उठवलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पुन्हा नाही म्हणाला.

मग कमिटीने बाबांनाच एस.टी.त घालून आणलं. दात पडलेले, कंबरेत वाकलेले, पण मिलच्या फाटकासमोर पिंपळाखाली नारळ ठेवल्यावर म्हातारा सरळ उभा राहिला. मी बायकांत मागे होते. "बा देवा म्हाराजा," बाबांनी सुरुवात केली, "आज हय जी तुझी लेकरा जमली आसत, त्यांका एका विचारान ठेव. आणि जो कोण ह्यो शब्द मोडून फाटकातून आत जायत, त्याच्या घरात दिवो लागान देव नको रे म्हाराजा!" अख्खा रस्ता ओरडला, "व्हय म्हाराजा!" त्यात सगळ्यात मोठा आवाज आमच्या जगदीशचा. समोरच्या फुटपाथवर दादा उभा होता. बाबा उभे आहेत म्हणून तोही उभा होता, हात बांधून, ओठ मिटून. लोकांनी ते मिटलेले ओठ पाहिले. बाबा त्याच्या खोलीत पाणीही न पिता गावी परतले आणि त्याच पावसाळ्यात गेले.

त्या दिवसापासून दादा वाळीत पडला. तो पंगतीला बसला की बाकीचे उठायचे, म्हणून तो स्वतःच यायचा बंद झाला. मी डबा पोचवू लागले. नळावर बायका वैनीची कळशी बाजूला सारायच्या. पुढे मिल पोलिस बंदोबस्तात थोडीथोडी चालू झाली, तेव्हा कामगार भरणारा जॉबर शिवा दादाकडे गोड बोलत आला. "तू तर संपात नाहीस, लवू. मग ये की आत. तुला कोणाची शपथ आहे?" मला वाटलं, निदान आता जाईल. दादा म्हणाला, "आत आलो तर तुमचा होईन." शिवा हसतच जिना उतरला. तेल गेलं, तूप गेलं, आमच्या दादाच्या हाती धुपाटणंही राहिलं नाही. गिरगावातल्या जुन्या घरांतून वेताच्या खुर्च्या विणायचं काम त्याने धरलं. बोटं विणकराचीच, खुर्च्या सुंदर व्हायच्या. पोटापुरतं मिळायचं.

खरी गोष्ट इथून पुढे आहे.

संपाचं दुसरं वर्ष लागलं तोवर जगदीशच्या घरातलं सगळं विकून झालं होतं. त्याची बायको शांती पोटुशी, आणि मोठी पोर दूध मागायची विसरली होती. पोर मागायची थांबली की घर कुठवर आलंय ते कळतं. माझी खानावळच उधारीवर चाललेली, मी कुठवर पुरणार? माणसं खाली मान घालून एकेक करून आत जात होती. पण जे जात होते ते घाटावरचे, नाहीतर उत्तरेकडचे. आमच्या चाळीतला एकही गेला नव्हता. युनियनला भिऊन नव्हे. बाबांच्या शब्दाला भिऊन.

एका दुपारी मी डबा घेऊन दादाकडे गेले होते. दादा जमिनीवर बसून वेत भिजवत होता. जगदीश दारात आला. उंबऱ्याच्या आत आला नाही. कमिटीचा माणूस वाळीत टाकलेल्याच्या घरात कसा येणार! आमच्याकडे उपाशी माणूसही नियम सोडत नाही.

"दादा, बाबांनी बांधलेला तू सोडव. माका आत जावचा आसा. पोरीच्या तोंडाकडे बघवना नाय."

दादाने हातातलं काम ठेवलं. शास्त्राचं बोलायचं असलं की तो मालवणी सोडून पुस्तकातलं मराठी बोलायचा, मला त्याची चीड यायची. "जगदीश, असा शाप नसतो. देव असा नाही. जे मी मानत नाही ते सोडवू कसं? सोडवल्याचं सोंग केलं तर देवाशी खोटा आणि तुझ्याशीही खोटा."

"खोटा तर खोटा! चार शब्द, दादा. तू मानू नको. मी मानतंय ना!"

"नाही."

जगदीशने चौकट धरली. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "बरा. सोडव नको. मगे इतक्याच सांग, जावू काय रवू? बाबा नाय, तू थोरलो. तू सांगशीत ता करतंय."

आता मात्र तो बोलेल असं मला वाटलं. हे गाऱ्हाणं नव्हतं, शपथ नव्हती, झेंडा नव्हता. दादाच्या कपाळावर घाम आला होता. तो सहज गप्प बसला असं कुणी म्हणू नये, मी समोर होते.

"ते मी सांगू शकत नाही," तो म्हणाला. "जा म्हटलं तर मी मालकाच्या बाजूने बोललो, राहा म्हटलं तर युनियनच्या. तुझं तू ठरव. मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो."

"मेल्या, भाऊ विचारतोय तुला, मालक नाही!" मी ओरडले. मालनवैनी तोंडाला पदर लावून मोरीकडे गेली. दादाने मान खाली घातली आणि जगदीश निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जगदीश फाटकातून आत गेला. आमच्या चाळीतला पहिला. दुतर्फा पोलिस, पलीकडे रामजी आणि सगळी ओळखीची माणसं. ज्यांच्याबरोबर त्याने घोषणा दिल्या होत्या तीच त्याच्या नावाने बोंब ठोकत होती. त्याने कुणाकडे पाहिलं नाही.

पुढचं सांगताना माझा जीव तुटतो. शांतीचं मूल जन्मतःच गेलं. मुलगा होता. उपाशी बाईच्या पोटचं पोर जगत नाही हे कळायला डॉक्टर लागत नाही, पण चाळ म्हणाली, वंशाचा दिवा विझला, विठोबाचा शब्द खरा ठरला. जगदीशने ते मनावर घेतलं. घरात विजेचा बल्ब असून त्याने देव्हाऱ्यात समई लावली आणि ती कधी विझू दिली नाही. वारा सुटला की कामावरून पळत घरी यायचा. लाइट गेली तरी त्याला दरदरून घाम फुटायचा. एवढं करून मिल काही वर्षांत बंदच पडली. आत गेलेले आणि बाहेर राहिलेले, सगळे एकाच मापाने मोजले गेले. चाळ दोन्ही भावांशी बोलत नव्हती. दादाने शब्द दिला नाही म्हणून, आणि जगदीशने दिलेला मोडला म्हणून. संप बुडाला तो थोरला घाडी गप्प राहिला म्हणूनच, असंही म्हातारे सांगायचे. मुंबईभरच्या गिरण्या एका घाड्याच्या जिभेवर चालल्या असत्या तर आणखी काय हवं होतं!

पुढे निवडणुका आल्या तेव्हा एका पार्टीचे लोक गाडी घेऊन दादाकडे आले. कोकणी मतांसाठी त्यांना प्रचाराचा नारळ घाड्याच्या गाऱ्हाण्याने फोडायचा होता. दादाने त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. आठवड्याने दुसऱ्या पार्टीचे आले. त्यांनाही चहा आणि नाही. तोवर चाळीत थट्टा सुरू झाली होती, "लवूकडे जावा, चाय फुकट." इतक्या वर्षांनी लोक त्याच्या नावाने का होईना, पण हसले. रामजीसुद्धा म्हणाला की ह्यो माणूस येडो आसा, पण इकाऊ नाय. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जगदीश मात्र आला नाही. भाऊ एकाच गॅलरीत, चार दारं सोडून, पण त्या दुपारी उंबऱ्यावरून गेला तो परत त्या खोलीकडे फिरकला नाही.

सूतखात्यातला कापूस जगदीशच्या छातीत साठला होता. पन्नाशीही गाठली नव्हती आणि त्याला परळच्या इस्पितळात ठेवावं लागलं. श्वास घेताना फासळ्या वर यायच्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरच्यांना बोलावून घ्या. मी दादाला घेऊन गेले. दादा खाटेजवळ उभा राहिला. जगदीशने डोळे उघडले आणि पहिलंच बोलला ते हेच, "सोडव माका."

दादा खाटेवर वाकला. "जगद्या," तो म्हणाला, आणि ह्या वेळी मालवणीत म्हणाला, "तुझ्यार कसलोच शाप नाय रे. कधीच नव्हतो."

जगदीशने मान फिरवली.

मला राहवेना. घाड्याच्या मुलीने तोंड उघडू नये म्हणतात, उघडलं. इस्पितळात नारळ कुठला आणणार, त्याच्या उशाशी ठेवलेल्या मोसंब्यावर हात ठेवला आणि बाबांच्याच सुरात सुरू झाले. "बा देवा म्हाराजा, जा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल, आणि ह्या लेकराक मोकळा कर रे म्हाराजा!" एवढं म्हटलं आणि थांबले. होकार हवा होता. मी दादाकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून सदऱ्यावर, पण ओठ मिटलेले. फाटकासमोर मिटले होते तसेच. मग शेजारच्या खाटेवरचा म्हातारा, सावंतवाडीकडचा असावा, खोकत खोकत म्हणाला, "व्हय म्हाराजा." दाराशी बसलेली दोन कोकणी माणसं म्हणाली, "व्हय म्हाराजा." नर्स रागाने आत आली आणि आम्हाला बघून परत फिरली.

गाऱ्हाणं पुरं झालं होतं. मला वाटलं आता त्याला सुटल्यासारखं वाटेल. पण जगदीश माझ्याकडे बघतच नव्हता. त्याचे डोळे दादावर होते.

"शापाचा जावंदे," तो म्हणाला. एकेक शब्दाला श्वास गोळा करत होता. "त्या दिवशी मी तुका इचारलंय. जा म्हटलं असतंस, तरी चलला असता. रव म्हटलं असतंस, तरी चलला असता."

दादाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. जगदीशने हात सोडवून घेतला नाही, एवढंच म्हणता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

चाळ खांदा द्यायला आली, रामजीही आला. भोईवाड्याच्या स्मशानात दादा शेवटपर्यंत उभा राहिला. भटजींनी सांगितलेलं काही केलं नाही, आणि ह्या खेपेला त्याला कुणी काही बोललंही नाही. परतताना सगळे पुढे गेले. मी आणि दादा मागे चालत होतो. मला त्याला विचारायचं होतं, तुझ्या त्या वरच्या राज्यात भावाला जागा आहे का रे? त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं नाही. करी रोडच्या पुलावर तो थांबला, कठड्याला टेकला. एकदम म्हातारा दिसला.

"मी चुकलंय नाय, बकुळा," तो म्हणाला. नेहमीच्याच आवाजात, हो ते हो आणि नाही ते नाही म्हणणाऱ्या. मग कठडा सोडून चार पावलं चालला.

"पण त्या फाटकातून तो एकटोच गेलो."